सीट खाली येते, हँडल जवळ येत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची उंची १५२ सेंमी, म्हणजे जेमतेम पाच फूट. दोन वर्षं हायब्रिड चालवताय. नागपुरात राहता; आठवड्यातून तीनदा पहाटे फुटाळा आणि सेमिनरी हिल्स, रविवारी कधी कोराडी, कधी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत. येत्या डिसेंबरात २०० किलोमीटरची पहिली बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे, म्हणून रोड बाइक घ्यायची. दुकानात एस साइझची एक रेसिंग फ्रेम चांगल्या डिस्काउंटमध्ये मिळते आहे. चालवून पाहिली तर हात ताणल्यासारखे वाटले. दुकानदार म्हणाला, "ताई, सीट खाली करून देतो, स्टेम छोटा टाकून देतो, काही प्रॉब्लेम येत नाही." (स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा छोटा दांडा.) एक्सएस, म्हणजे एसहून एक साइझ लहान, मागवली तर दीड महिना लागेल. मैत्रीण म्हणते लेडीज मॉडेलच घे. तर एस घ्यावी का?

घेऊ नका. दीड महिना थांबा आणि एक्सएस मागवा. डिसेंबरला भरपूर वेळ आहे.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. सीट खरंच खाली येते. पण सीट खाली आली की फक्त पायांचा प्रश्न सुटतो. मान, खांदे, मनगटं आणि पाठ यांचा सगळा हिशेब सीटपासून हँडलपर्यंतच्या लांबीवर चालतो, आणि ती लांबी फ्रेम बनते त्या दिवशीच बरीचशी ठरून जाते. कमी उंचीच्या माणसांसाठी सायकली जुळवून देताना मी सगळ्यात जास्त वेळा हीच एक चूक निस्तरत आलो आहे.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या, उंची तुमच्याएवढीच, सायकल एस साइझची. मान दुखते ही तक्रार. मी सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवली आणि दहा मिनिटं काही न बोलता बाजूला बसून नुसतं बघत राहिलो. पहिली दोन मिनिटं हात हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी पकडीवर, जिथे असायला हवेत तिथे. तिसऱ्या मिनिटाला ते नकळत मागे सरकले, हँडलच्या वळणावर आले. पाचव्या मिनिटाला स्टेमच्या दोन्ही बाजूंना, वरच्या सरळ दांडीवर येऊन स्थिरावले आणि तिथून हलले नाहीत. कोपरं ताठ. बूड सीटच्या निमुळत्या टोकावर. मी म्हटलं, "आता ब्रेक दाबा." तर हात उचलून जवळजवळ वीतभर पुढे न्यावा लागला, आणि तिथे पोचल्यावरही लिव्हरला लागली ती फक्त दोन बोटांची टोकं. त्या स्वतःच थबकल्या. "मान दुखून राहिली म्हणून आली होती सर, ब्रेकचं तर कधी लक्षातच नाही आलं."

मला काळजी वाटते ती याचीच. मोठ्या फ्रेमवर बसलेला लहान चणीचा माणूस शरीराला बरं वाटावं म्हणून हात जवळ घेतो, आणि हात जवळ आले की ब्रेकपासून लांब जातात. मानेचं दुखणं महिन्याभरात कळतं. ब्रेकचं कळतं ते थेट उड्डाणपुलाच्या उतारावर, समोर रिक्षा आडवी आल्यावर.

आपल्याकडे हा घोळ होण्यामागे जुनी सवयही आहे. २२ इंची आणि २४ इंची सायकलींवर आपण वाढलो. दांडीवरून टांग टाकता आली की सायकल आपल्या मापाची, नाही आली तर कैची मारायची. साइझ म्हणजे दांडीची उंची, हे डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं आहे. त्या सायकलींची दांडी आडवी होती, म्हणून तेव्हा ते मापही कामाचं होतं. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने माईक बरोजच्या डिझाइनने मागे उतरती दांडी असलेली कॉम्पॅक्ट रोड फ्रेम बाजारात आणली आणि हळूहळू सगळ्यांनीच ती पद्धत उचलली. आता दांडी इतकी उतरती असते की आपल्या मापापेक्षा मोठ्या फ्रेमवरही बऱ्याचदा टांग टाकून दोन्ही पाय टेकवून उभं राहता येतं. त्यावरून साइझ बरोबर की चूक हे काहीच ठरत नाही. दुकानात "उभ्या राहून बघा, जागा आहे ना?" एवढ्यावर सायकल विकली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

फ्रेमवर लिहिलेला आकडाही फसवा. एका कंपनीची ४८ म्हणजे दुसरीची एक्सएस, तिसरीची एस. पूर्वी तो आकडा सीटखालच्या नळीची खरी लांबी सांगायचा. आता नळ्या आखूड झाल्या आणि आकडा नुसता नावापुरता उरला. एस, एम, एल या अक्षरांचं तर विचारूच नका.

मग बघायचं काय? आधी स्वतःचं एक माप. तुम्ही जांघेचं माप ७० सेंमी लिहिलंय, पण कसं घेतलं ते लिहिलेलं नाही, म्हणून पुन्हा घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभं राहायचं, दोन पायांत साधारण एक वीत अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, त्याचा कणा वर येईल असं, दोन पायांच्या मध्ये घालून वर दाबायचं. सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका, लाजून हलकं धरायचं नाही. पुस्तकाची मागची कड भिंतीला चिकटलेली हवी, म्हणजे ते तिरकं होत नाही. दुसऱ्या कोणाला तरी पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजायला सांगा. तीनदा मोजा. शिंप्याच्या टेपने पँटचं माप घेतलं तर ते दोन-तीन सेंमी कमीच येतं.

७० बरोबर निघालं असं धरू. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं गणित आहे, जांघेचं माप गुणिले ०.८८३. त्यातून पायडलचे दोन्ही हात (क्रँक) ज्यावर फिरतात त्या मधल्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. तुमच्यासाठी ६१.८ सेंमी. हे गणित जुन्या काळच्या पायडल-बुटांवर बेतलेलं आहे, म्हणून ती सुरुवातीची खूण समजा. शेवटी सीट कुठे थांबेल ते पायडल खाली गेल्यावर गुडघा किती वाकलेला राहतो यावर ठरतं. साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक हवा. गाडी चालू असताना कमरेचं हाड डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच झाली, एवढं मागून कुणीही बघून सांगू शकतं.

आता फ्रेमचं माप. कंपनीच्या जिओमेट्री चार्टमध्ये वीस रकाने असतात, त्यातले दोन धरा: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या त्याच मधल्या एक्सलचा मध्य हा शून्य बिंदू. तिथून हँडल ज्या नळीत बसतं त्या हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत सरळ वर किती, तो स्टॅक. त्याच टोकापर्यंत आडवं पुढे किती, तो रीच. हे दोन आकडे कंपनी बदलली तरी त्याच पद्धतीने मोजले जातात, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम शेजारी ठेवून बघायला यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

तुम्ही दोन्ही मॉडेलची नावं कळवली आहेत. नावं इथे देत नाही, आकडे देतो. दुकानातली एस: स्टॅक ५२८ मिमी, रीच ३८३ मिमी, सोबत १०० मिमीचा स्टेम आणि ८० मिमी पुढे जाणारं हँडल. मागवायची एक्सएस लांब पल्ल्यासाठी केलेली, म्हणजे एंड्युरन्स प्रकारची: स्टॅक ५१३, रीच ३६३, स्टेम ८०, हँडल ७० मिमी पुढे जाणारं.

वरवर रीचमध्ये २० मिमीचा फरक दिसतो. पण तुलना हँडल समान उंचीवर आणूनच करायची. एक्सएसचं हँडल १५ मिमी वर घ्यायचं तर स्टेमखाली तेवढे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, टाकावे लागतील. हेड ट्यूब मागे कललेली असल्यामुळे हँडल वर जाता जाता मागेही येतं, दर १० मिमीला साधारण ३ मिमी. म्हणजे १५ मिमी वर गेल्यावर एक्सएसचा रीच ३५८ च्या आसपास उरतो आणि फरक झाला २५ मिमीचा. त्यात स्टेमचा २० मिमी आणि हँडलचा १० मिमी फरक मिळवा. दुकानात बसून पाहिलीत त्या सायकलीचे हूड्स तुम्हाला योग्य असलेल्या जागेपेक्षा साडेपाच सेंटीमीटर लांब होते. हात ताणल्यासारखे वाटले ते उगाच नाही.

दुकानदार स्टेम ७० चा टाकेल आणि कदाचित ७० मिमीच पुढे जाणारं कॉम्पॅक्ट हँडलही देईल. कराच हिशेब: ३८३ अधिक ७० अधिक ७०, एकूण ५२३. एक्सएस तिच्या मूळ ८० च्या स्टेमसकट: ३५८ अधिक ८० अधिक ७०, एकूण ५०८. सगळे उपाय संपवूनही एस दीड सेंमी लांबच राहते. आणि सायकल जुळवणं एका दिवसात संपत नाही. सहा महिन्यांनी पाठ मोकळी होते, पोट कमी होतं, कधी खांदा आखडतो, तसं हँडल थोडं जवळ-लांब, वर-खाली करावं लागतं. एसवर जवळ आणायला काहीच शिल्लक नाही. एक्सएसवर दोन्ही दिशांना जागा आहे. त्याशिवाय ७० च्या खाली गेलात की हँडल वळवताना फार चटकन वळल्यासारखं वाटतं, आणि रेसिंग फ्रेम मुळातच चपळ असते.

काहीजण मागच्या बाजूने युक्ती करतात. हँडल लांब आहे ना, मग सीटच पुढे सरकवून टाका. हे कुणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा. सीटची पुढची-मागची जागा गुडघ्यासाठी असते. पायडल आडवं असताना, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावरून ओळंबा सोडायचा. मी जाड दोऱ्याला एक नट बांधून वापरतो, गवंड्यासारखाच. तो पायडलच्या मध्याच्या आसपास पडला पाहिजे. अगदी मिमीपर्यंत नाही, पण आसपास. हँडल गाठायला सीट तीन सेंमी पुढे घेतली की ओळंबा पायडलच्या पार पुढे जातो, मांडीऐवजी सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि शरीराचं वजन तळहातांवर. मान बरी करायला जाऊन गुडघा हातचा जातो.

याच कारणाने टॉप ट्यूबचा आकडा बघून फसू नका. तुमच्या दोन फ्रेमच्या इफेक्टिव्ह टॉप ट्यूबमध्ये, म्हणजे हेड ट्यूबच्या टोकापासून सीटच्या नळीपर्यंतच्या आडव्या अंतरात, सुमारे ३४ मिमीचा फरक आहे, पण खरा पुढचा फरक आहे २०. उरलेला बहुतेक सीट ट्यूबच्या कलामुळे आलेला. एसचा कल ७३.५ अंश, एक्सएसचा ७४.५. लहान साइझमध्ये कंपन्या सीटची नळी अशी थोडी उभी करतात, त्यामुळे टॉप ट्यूब कागदावर आखूड दिसते. तुमच्या सीटच्या उंचीला एका अंशाने साधारण एक सेंमी सीट पुढे येते. आखूड मांडीच्या माणसाला ती पुढे हवीच असते, म्हणून तुमच्यासाठी ते चांगलंच. पण काही स्वस्त मॉडेलमध्ये एक्सएस आणि एस यांचा रीच जवळजवळ सारखाच ठेवलेला असतो आणि नुसता कल बदलून टॉप ट्यूब लहान दाखवलेली असते. अशी एक्सएस नावाचीच एक्सएस. चार्टमधला रीच बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

इथे नागपूरचं एक वेगळेपण सांगायला हवं. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार घाट चढतात, म्हणजे दर थोड्या वेळाने सीटवरून उठतात, हात हलवतात, पाठ मोकळी होते. आपला मुलूख सपाट. बुटीबोरी सोडलं की पुढे तासन् तास एकच पोझिशन. उठायला निमित्त नाही, उतार नाही की पाय थांबवावेत. त्यात शहरात सिमेंटचे रस्ते, त्यांच्या सांध्यांचा ठकठक ठोका थेट मनगटात. घाटात जी चूक खपून जाते ती इथे तीन तासांत उघडी पडते. बीआरएमच्या २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. पहिल्यांदा करणाऱ्याचे त्यातले नऊ-दहा तास सीटवरच जातात. अर्ध्या तासाच्या टेस्ट राइडमध्ये जो ताण "होईल सवय" म्हणून सोडून दिला, तो सहाव्या तासाला बोटं बधिर करतो. म्हणून सपाट भागातल्या लहान चणीच्या चालकाला मी नेहमी एंड्युरन्स प्रकाराची, स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली फ्रेम सुचवतो. रेसिंग फ्रेम दिसते छान, आणि ती चालवणारी कमी उंचीची माणसंही आहेत. फ्रान्सचा सॅम्युएल दुमुलँ १५९ सेंमीचा होता आणि २००८ साली त्याने टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला. पण त्याची फ्रेम त्याच्या मापाची होती.

फ्रेम ठरली की तिच्यावर काय लावून येतं तेही बघा. सगळ्यात आधी क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा. पुष्कळ लहान सायकलींवर १७० मिमीचा क्रँक येतो. तुमच्या पायाला १६५ मागा. पाच मिमीने काय फरक पडतो असं वाटेल, पण क्रँक पाच मिमी लहान झाला की सीट पाच मिमी वर घेता येते आणि पायडल वर आल्यावर ते पाच मिमी खालीच राहतं, म्हणजे वरच्या टोकाला मांडी आणि पोट यांच्यात सेंटीमीटरभर मोकळीक मिळते. वाकून बसल्यावर गुडघा छातीकडे येत असेल तर ती मोकळीक लगेच जाणवते. आखूड क्रँकने ताकद कमी पडते ही भीती आता मागे पडत चालली आहे. १७६ सेंमी उंचीचा व्यावसायिक सायकलपटू तादेय पोगाचार २०२४ पासून १६५ वापरतो, तर १५२ सेंमीच्या माणसाने १७० का फिरवावा?

हँडलची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी. तुमच्या चणीला ते ३४ ते ३६ सेंमी निघेल, म्हणजे ३६ चं, फार तर ३८ चं हँडल. दुकानातल्या एसवर ४२ चं आहे. रुंद हँडलवर हात पसरले की पोचण्याचं अंतर आणखी वाढतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आणि ब्रेकची लिव्हर. शिमानो कंपनीच्या बहुतेक लिव्हरमध्ये ती हँडलच्या जवळ आणायची सोय असते. लिव्हरपाशी कुठेतरी छोटा स्क्रू असतो किंवा आत बसवायची फाचर मिळते. दुकानात हे कुणी आपणहून करून देत नाही, मागावं लागतं. केल्यावर ब्रेकची केबल पुन्हा ताणून घ्यायला लावा, नाहीतर लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक अर्धवटच लागेल. हूड्सवर आणि खालच्या ड्रॉप्सवर, दोन्हीकडे हात ठेवून पहिल्या दोन बोटांचं पहिलं पेर लिव्हरवर पूर्ण बसतंय का ते बघा. नुसती टोकं लागत असतील तर ते काम अजून झालेलं नाही.

एक्सएस चालवायला घेतलीत की एक गोष्ट तुम्हाला दचकवेल, म्हणून आधीच सांगतो. अगदी हळू, तीव्र वळण घेताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. फ्रेम लहान, चाक मात्र सगळ्यांना असतं तेच ७०० सी, म्हणून पायडल आणि चाक जवळ येतात. सायकल खराब नाही. वेगात असताना हँडल कधीच इतकं वळत नाही, हे घडतं ते गल्लीत यू-टर्न घेताना किंवा सिग्नलला गाडीमागून वाट काढताना. वळण ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय मागे किंवा खाली ठेवायची सवय आठवडाभरात लागते. पहिले दोन दिवस मोकळ्या मैदानात सराव करा. १६५ चा क्रँक इथेही पाच मिमी मदत करतो.

यावरचा खरा इलाज म्हणजे लहान चाक. काही सायकली अगदी लहान साइझमध्ये ६५० बी चाकाच्या मिळतात. तिच्या रिमचा व्यास ५८४ मिमी, तर ७०० सी चा ६२२. अशी मिळाली तर चालवून नक्की बघा, १५० च्या खालच्या माणसाला तर मी आग्रहच करीन. ५८४ म्हणजेच एमटीबीचं (माउंटन बाइकचं) २७.५ इंची चाक, त्यामुळे ट्यूब कुठेही मिळते. बारीक रोड टायर मात्र मागवून घरात दोन ठेवावे लागतील. तुम्ही १५२ आहात, ७०० सी वर जमेल.

पाण्याचा विचार आत्ताच करा. फ्रेमचा त्रिकोण लहान असल्याने दोन मोठ्या बाटल्या बसत नाहीत. बसल्या तरी वर ओढून काढता येत नाहीत, दांडीला अडकतात. बाजूने बाटली काढता येईल असे केज घ्या, पुढच्या तिरक्या नळीवर मोठी आणि सीट ट्यूबवर पाचशे मिलीची. एप्रिल-मेमध्ये पहाटे निघालात तरी आठ वाजता डोक्यावर काय असतं ते नागपूरकराला सांगायला नको, आणि कळमेश्वर सोडल्यावर दर दोन किलोमीटरला टपरी नसते. तसंच, सीट खाली असल्याने मागची मोठी सॅडल बॅग टायरला घासते आणि सीटपोस्ट इतका थोडा दिसतो की लाल दिवा लावायला जागा उरत नाही. दिवा चाकाशेजारच्या नळीवर, सीटस्टेवर लावा, डाव्या-उजव्या कुठल्याही, फक्त बॅग किंवा जाकीट त्याच्या आड येत नाही ना ते मागून बघून घ्या. बीआरएमच्या तपासणीत तो बघतात.

मैत्रिणीच्या "लेडीज" सल्ल्याबद्दल. फ्रेमला लिंग नसतं, माप असतं. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, म्हणून वेगळी भूमिती हवी, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. नंतर स्पेशलाइज्ड कंपनीने हजारो चालकांची मापं तपासून वेगळ्या लेडीज फ्रेम बंद केल्या, तर जायंटचा लिव्ह हा ब्रँड आजही फक्त बायकांसाठी वेगळ्या फ्रेम बनवतो. दोघांच्याही सायकलींवर बायका उत्तम चालवतात. लेडीज मॉडेलचा तुम्हाला होणारा फायदा हा की त्यात लहान साइझ मिळण्याची शक्यता जास्त असते आणि सोबत अरुंद हँडल, आखूड क्रँक, रुंद बैठकीची सीट येते. चार्टमध्ये रीच ३६५ च्या आत असेल तर रंग आणि नाव काही का असेना, घ्या. ३८० असेल तर लेडीज लिहिलेलं असूनही ती तुमची नाही. १५२ सेंमीच्या पुरुषांनाही मी हेच सांगतो. त्यांच्यातले काही जण लेडीज लिहिलंय म्हणून योग्य फ्रेम सोडतात आणि दोन साइझ मोठी घेऊन वर्षभर मान चोळत बसतात.

सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर लहान साइझ क्वचित येतात, पण येतात तेव्हा कमी वापरलेल्या असतात. विकणाऱ्याला "साइझ काय" विचारू नका. कंपनी, मॉडेल आणि साल विचारा आणि स्टॅक-रीच स्वतः शोधा.

एक्सएस आली की टेस्ट राइडला तुमचे नेहमीचे बूट आणि गादीची शॉर्ट घालून जा. आधी सीट तुमच्या ६१.८ वर लावून घ्या, ती न लावता चालवलेली राइड काहीच सांगत नाही. निदान तासभर चालवा, त्यातली वीस मिनिटं न थांबता. हूड्सवर हात ठेवून कोपर थोडं वाकलेलं राहतंय का, आणि दोन बोटं उचलून हवेत हलवता येतात का ते बघा. बोटं उचलता आली नाहीत, म्हणजे वजन हातांवर येतंय. वीस मिनिटांनी हात आपोआप कुठे जाऊन बसले ते बघा, ते शरीराचं मत आहे.

आणि घेताना दुकानात एक गोष्ट स्पष्ट सांगा: स्टीअरर कापायचा नाही. हँडलखालचे स्पेसर काढून फोर्कची नळी लगेच छाटून देतात, दिसायला नीट दिसावं म्हणून. सगळे स्पेसर खालीच राहू द्या. कार्बन फोर्क असेल तर स्टेमखाली किती मिमी स्पेसर चालतात ते कंपनीच्या पुस्तिकेत बघून घ्या, साधारण ३० ते ४० मिमीची मर्यादा असते. महिनाभर चालवा, एकदा रामटेकला जाऊन या, एकदा सेवाग्रामला. पाठ म्हणेल तसा एकेक स्पेसर खालून काढून स्टेमच्या वर ठेवा. दोन लांब राइड झाल्यावरही ते वरचे स्पेसर वरच राहिले, पुन्हा खाली घ्यावेसे वाटले नाहीत, तर मग सायकल घेऊन या, तेवढाच तुकडा कापू.